तळहाताएवढी जागा

बाबालाल शिकलगार टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवतो.
"ह्यो मऊ. वळणावर चिकटतोय बघा, काकवीगत.
पण पंधरा हजार किलोमीटर. मग राम राम."
दुसऱ्यावर नख रुततच नाही.
"ह्यो साठ हजार. तुमची पोरगी कॉलेजला जाईल ह्याच्यावर."

बाहेर माझी एस्टीम उभी,
दारावर अकरा नंबर, अर्धा खरवडलेला,
मागच्या सीटवर पोरीची रंगपेटी
आणि कुणाचा तरी डबा.

"महिन्यातनं रेस किती?"
एक रविवार.
"त्यात पळता किती?"
चार फेऱ्या. बावन्न बावन्न सेकंदांच्या.
तो हिशोब करत नाही, नुसता बघतो.
मीच करतो मनात. दोनशे आठ.
साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत.

उरलेला महिना मी हळू माणूस असतो.
उद्यमनगरातून कागल, कागलहून उद्यमनगर,
डिकीत बोअर गेज आणि ड्रॉइंगच्या गुंडाळ्या.
गळिताच्या दिवसांत रस्त्यावर उसाची टिपरी,
चिरडलेल्या रसावर धूळ,
फौंड्रीच्या ट्रकातून सांडलेली काळी वाळू.
टायरच्या कडेला छापलेल्या आकड्यांत
यातलं काहीच नसतं.
पाणी चढलं की बावडा-शिये बंद,
आणि सासऱ्यांना कणकवलीला सोडायचं तर
गगनबावड्याचा घाट, धुकं,
आणि मऊ टायरच्या उथळ नक्षीत
पाण्याला पळायला वाटच नाही.

पण ते दोनशे आठ.
बंद सूतगिरणीचं आवार, नारिंगी शंकू,
सर्जेरावकाकांच्या हातात घड्याळ,
तिसऱ्या वळणावर गाडी घसरायला लागते
आणि घसरत असतानाच कळतं
आज रबर किती तापलंय,
मी किती.
अभिनंदन मगदूम पन्नासात येतो.
त्याची रेसची चाकं वेगळी, ट्रेलरवर गोणपाटात झाकून.
दोन सेकंद.
त्यांची किंमत मला पाठ आहे, चार नगांचे बत्तीस हजार.

उज्ज्वला म्हणाली होती, दोन सेट घे,
एक गॅलरीत ठेवू, झाडं सरकवते.
ती चेष्टा करत नव्हती.
म्हणून जास्त अवघड गेलं.

मी विचारलं, पुढं दोन मऊ, मागं दोन टणक?
बाबालालनं कानाला हात लावला.
"असलं लगीन लावू नका, साहेब.
ओल्या वळणावर मागचा नवरदेव आधी पळून जातोय."

मग त्यानं वहीचं पान फाडलं,
गाडी जॅकवर घेतली, चाकाला काळं ऑइल फासलं,
पान खाली सारून गाडी हळूच टेकवली.
पुन्हा उचलली. पानावर ठसा, तळहाताएवढा.
"एवढ्यावरच उभं हाय सगळं."
मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला.
बोटं थोडी बाहेर राहिली.

मधला घेतला.
नख रुततं, पण अर्धंच.
अभिनंदनच्या पुढं मी जाणार नाही,
हे बिलावर लिहिलेलं नव्हतं,
तरी सही करताना वाचलं.

"पहिलं दोनशे किलोमीटर दमानं,"
बाबालाल ओरडला,
"साच्यातलं तेल हाय अजून वर."
आयुष्यातले सगळ्यात महाग टायर
आणि रंकाळ्याच्या कडेनं मी तिशीत.
मेथीची जुडी अडकवलेली एक स्कूटी
हॉर्न देऊन पुढं गेली.

घरी पोरगी चाकाजवळ उकिडवी बसली,
नव्या रबरावर उभे असलेले बारीक केस
एकेक करून उपटत.
"बाबा, याला दुखतं?"
मी किल्ली खिशात टाकली
आणि दुसऱ्या चाकापाशी बसलो.